तुळशीराम घरत आणि सातवी तार

तुळशीराम घरतांच्या मुलीचं, दिपिकाचं लग्न फेब्रुवारीत झालं आणि मे महिना लागला तरी लग्नाचा व्हिडिओ काही घरी आला नव्हता. विचुंब्यासारख्या गावात, जिथे हळदीला नऊशे माणूस नाचून गेलेलं असतं, तिथे व्हिडिओ तीन महिने येत नाही म्हणजे काय होतं हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. ज्याला त्याला आपण कसे दिसलो ते बघायचं असतं. सकाळी दुधाची पिशवी आणायला निघालेल्या तुळशीरामांना नाक्यापर्यंत चार माणसं अडवायची. "काय तुळशीराम, शिनेमा कवा लागतोय?" आपट्याहून व्याह्यांचा फोन यायचा. तब्येतपाणी विचारून झालं की तेही हळूच गाडी तिकडेच वळवायचे. आणि घरात हौसाबाई तर होत्याच.

"अवो, तुमी आठवड्याला जाता ना त्या स्टुडिओत? मग विचारीत का नाय?"

"विचारतो गं."

"मग काय बोलतात ते?"

यावर तुळशीराम चहाच्या कपात तोंड घालत. कारण स्टुडिओवाले जे बोलत होते ते घरी सांगण्यासारखं नव्हतं. ते म्हणत होते, सर्वर हळू चालतोय म्हणून काम अडलंय. आणि त्या सर्वरची देखभाल करणारा माणूस म्हणजे दस्तुरखुद्द तुळशीराम घरत.

ते या धंद्यात कसे आले हे आधी सांगायला हवं. वडिलांची विचुंब्यात थोडी भातशेती होती आणि उन्हाळ्यात ते मिठागरावर जायचे. शेती नव्या पनवेलच्या इमारतींखाली गेली तेव्हा तुळशीराम दहावी पास होऊन टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागले होते. बत्तीस वर्षं त्यांनी रस्त्याकडेच्या खड्ड्यांत मांडी घालून केबली जोडल्या. मनगटाएवढ्या जाड केबलीत शंभर शंभर जोड्या तारा असायच्या आणि प्रत्येक जोडीला तिचा रंग. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी, हा क्रम त्यांच्या बोटांना इतका पाठ झाला होता की हौसाबाई दोरीवर कपडे वाळत घालायच्या तेव्हाही त्यांना उगीच वाटायचं, हिरव्याच्या आधी नारिंगी यायला पाहिजे होतं.

मग घरोघरचे फोन गेले, खात्यातली माणसं कमी झाली आणि चोपन्नाव्या वर्षी तुळशीराम स्वेच्छेने निवृत्त होऊन घरी बसले. बसले म्हणजे अकरा दिवस. बाराव्या दिवशी हौसाबाईंनी सांगितलं, "तुमी दिवसभर घरात दिसलात की मला कुणी पाव्हणा आल्यावानी वाटतं. कायतरी बघा." तेव्हा त्यांनी पनवेल स्टेशनजवळच्या एका क्लासात नेटवर्किंगचा कोर्स लावला. वर्गात सगळी विशी-बाविशीची मुलं. शिकवणारा मास्तरही त्यांना काका म्हणायचा. पहिल्याच दिवशी मास्तरने कॉम्प्युटरची केबल सोलून आतल्या चार जोड्या दाखवल्या. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. तुळशीरामांना गर्दीत गाववाला भेटल्यासारखं झालं. उरलेलं सगळं नवं होतं, पण इथवर ओळख निघाली म्हणजे पुढचंही जमेल असं त्यांनी ठरवलं, आणि जमलंही. चार वर्षांत त्यांच्याकडे अठरा गिऱ्हाइकं झाली. तळोज्याच्या दोन कारखान्यांची ऑफिसं, एक शाळा, एक दातांचे डॉक्टर, काही वकील, आणि टपाल नाक्याजवळचा मिताली कर्णिकचा लग्नांचे व्हिडिओ करणारा स्टुडिओ.

मिताली चौतिशीची, पुण्याहून लग्न होऊन पनवेलला आलेली, बोलायला गोड आणि कामाला कडक. एका गाळ्यात तिचा स्टुडिओ होता. पुढे काउंटर आणि गिऱ्हाइकांना बसायला सोफा, मागे काचेआड एसी लावलेली एडिटिंगची खोली, आणि पुढच्या शटरच्या अगदी वर एक पोटमाळा. पोटमाळ्यावर सर्वर. सगळ्या लग्नांचं शूटिंग त्या एका सर्वरवर ठेवलेलं असायचं, आणि मागच्या खोलीतल्या चार मशीनवरची मुलं तारेवरून तिथल्याच फाइली उघडून कापाकापी करायची. कुणीही कुठल्याही मशीनवर बसावं, लग्न तेच. ही सोय तुळशीरामांनीच बसवून दिली होती आणि दोन वर्षं ती सुतासारखी चालली होती.

मार्चमध्ये ती बिघडली. बिघडली म्हणजे बंद पडली असती तर बरं. बंद पडलेल्या गोष्टीचं काहीतरी करता येतं. ही नुसती मंदावली. नवरी एक पाऊल टाकायची आणि पडद्यावर तशीच उभी राहायची. भटजींचा हात अक्षता टाकायला वर जायचा तो वरच. केतन नावाचा एडिटर, स्टुडिओतला सगळ्यात जुना मुलगा, वैतागून म्हणायचा, "काका, हा मुहूर्त टळणार बघा."

तुळशीरामांच्या सकाळी तळोज्यात जायच्या. शिवाय मुलांच्या कामात लुडबुड नको म्हणून ते स्टुडिओत दुपारी दोनला, जेवणाच्या सुट्टीत यायचे. पनवेलच्या जुन्या बाजारात दुपारी दुकानं अर्धी मिटतात. मितालीही तसंच करायची. शटर अर्धं खाली, मुलं मागच्या खोलीत डबे उघडून बसलेली. तुळशीराम एका मशीनवर बसून एक मोठी फाइल सर्वरवरून ओढून बघायचे. सेकंदाला एकशे दहा एमबी. म्हणजे जेवढी धाव असायला हवी तेवढी, इंचभरही कमी नाही.

"चांगलं तर चाललंय," ते म्हणाले.

"आत्ता चालतंय," केतन भाजीत पोळी बुडवत म्हणाला. "तुम्ही आलात की ते शहाण्यासारखं वागतं. डॉक्टरकडे गेल्यावर दात दुखायचा थांबतो ना, तसं."

तरी तुळशीरामांनी काही कसर ठेवली नाही. सर्वर उघडून धूळ काढली. पंखा बदलला. डिस्का तपासल्या, त्या ठणठणीत. सॉफ्टवेअर ताजं केलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, पुन्हा दुपारी दोनला, पुन्हा एकशे दहा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मितालीचा फोन, "काका, परत तेच."

असं चार वेळा झालं. तोवर स्टुडिओत सगळ्यांचं एकमत झालं होतं की दुपारी कुणी काम करत नाही म्हणून सर्वर पळतो आणि चौघं कामाला बसले की तो दमतो. शेवटी मितालीने अवधूतला बोलावलं. अवधूत कॉम्प्युटर विकणारा, हुशार, बोलण्यात तरबेज, पण माणूस लबाड नव्हता. त्याने सकाळी येऊन तासभर बघितलं आणि दुपारी तुळशीराम आल्यावर परत येऊन सरळ सांगितलं, "मॅडम, तुम्ही गेल्या दिवाळीत नवे कॅमेरे घेतले. फाइली चौपट झाल्या. चार जण एकदम ओढतायत. हा सर्वर म्हातारा झालाय. नवा घ्या, मोठा घ्या." ऐकायला सगळं बरोबर होतं. मिताली म्हणाली, शनिवारी सांगते.

तुळशीराम तिथेच उभे होते. म्हातारा झालाय हा शब्द सर्वरसाठी होता हे त्यांना कळत होतं, तरी तो कुठेतरी लागलाच.

त्या दिवशी निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट ऐकली. मिताली काचेआड केतनशी बोलत होती आणि आवाज चढला होता. "दोन महिन्यांत तीन लग्नं, केतन! मशीनचं कारण किती दिवस सांगणार? तू फोनवर असतोस ते मला दिसत नाही का?" केतनचे कान लाल झाले.

घरी आल्यावर तुळशीराम ओट्यावर बसून राहिले. हौसाबाई वाल सोलत होत्या. त्यांनी बघितलं, आज माणूस पेपरही उघडत नाही.

"काय झालं?"

"तो पोरगा केतन हाय ना, त्याला बोलणी बसली. आपल्याच दिपीच्या लग्नाचं काम करतोय तो."

"मग त्यानं हळू केलं असंल."

"नाय गं. तो चांगला पोरगा हाय. मशीनच हळू चालतंय. पन मी गेलो की चालतंय."

हौसाबाईंनी एक वाल सोलला, साल टाकलं आणि सहज म्हणाल्या, "मग तुमी नसता तवा जा."

"मी नसतो तवा मी कसा जानार?"

"अवो, म्हंजे तुमच्या टायमाला नको, त्येंच्या टायमाला जा. मासळी ताजी हाय का बघायला दुपारी गेल्यावर कसं कळंल?"

तुळशीराम हसले, पण वाक्य मनात अडकून बसलं. लाइनमन असताना त्यांचे पहिले सुपरवायझर हेच सांगायचे. गिऱ्हाईक म्हणतंय संध्याकाळी खरखर येते, तर संध्याकाळी जा. सकाळी जाऊन लाइन ठीक आहे असं लिहून येऊ नकोस. बत्तीस वर्षं हे पाळलं आणि आता निवृत्त झाल्यावर आपल्या सोयीने तपासायला लागलो, याची त्यांना जराशी लाजच वाटली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. तुळशीराम आधी नेहमीच्या वेळी, दुपारी दोनलाच गेले, पण या खेपेला त्यांना एक गोष्ट नक्की करायची होती. त्यांनी चौघांनाही विनंती केली, "पोरांनो, डबे पाच मिनिटं बाजूला ठेवा. चारी मशीनवर मोठ्यात मोठी फाइल उघडा. एकदम."

रिया नावाची एडिटर, वर्षभरापूर्वीच लागलेली, म्हणाली, "काका, कोलमडेल सगळं."

"कोलमडू दे की."

चौघांनी फाइली उघडल्या. चार पडद्यांवर चार लग्नं एकदम सुरू झाली आणि एकही नवरी अडखळली नाही. डबे उघडे टाकून मुलं बघत राहिली. केतन हळूच म्हणाला, "म्हणजे लोडचा प्रश्नच नाही?"

"लोडचा असता तर आता मेला असता," तुळशीराम म्हणाले. "दुपारी चौघांचं ओझं उचलतोय आणि सकाळी एकाचंबी उचलत नाय. म्हंजे घोडं दुसरीकडंच पेंड खातंय. उद्या मी तळोज्याला जात नाय. साडेदहाला हितं येतो."

शनिवारी साडेदहाला ते पोचले तेव्हा शटर पूर्ण वर होतं, सोफ्यावर एक कुटुंब अल्बमचे नमुने चाळत होतं, आणि आत केतन एकटाच कामाला लागला होता. बाकीचे अजून यायचे होते. तुळशीरामांनी त्याच्या शेजारी बसून नेहमीची फाइल ओढली. सेकंदाला अकरा एमबी. पुन्हा ओढली. अकरा. दुसरी फाइल, तिसरी फाइल. अकरा, अकरा. कधी साडेदहा, कधी सव्वाअकरा, पण त्याच्या वर नाव नाही.

थकलेलं यंत्र असं वागत नाही. थकलेलं यंत्र कधी साठ दाखवील, कधी तीस, कधी नव्वद. सरळ अकराला येऊन बसणं म्हणजे रुंद रस्त्यावर कुणीतरी फाटक घालून एकच गाडी जाईल एवढी वाट ठेवणं. आधी तुळशीराम पोटमाळ्यावर चढून थेट सर्वरवरच बसले आणि तीच फाइल तिथल्या तिथे वाचून बघितली. झर्रकन वाचली गेली. सर्वर निर्दोष. मग खाली येऊन त्यांनी मागच्या खोलीतला स्विच बघितला. सगळ्या मशीनच्या तारा ज्या डबीत एकत्र येतात ती डबी. पाच तारा, पाच दिवे. चार मशीनचे चार दिवे हिरवे. सर्वरकडून येणाऱ्या तारेचा दिवा नारिंगी.

"दुपारी हा हिरवा असतो," ते केतनला म्हणाले. "मी दर वेळी बघितलाय."

"नारिंगी म्हणजे?"

"दहापट हळू. दोन्ही टोकाच्या मशीनी एकमेकींना आधी विचारतात, किती वेगानं बोलायचं? तारेतल्या चारी जोड्या धड असल्या तर पूर्ण वेगानं. एखादी जोडी मेली तर दोन जोड्यांवर भागवतात, दहाव्या वेगानं. भांडत नाय, तक्रार करीत नाय. गपचूप हळू चालतात."

सर्वरची तार काढून तपासायची म्हणजे सगळ्यांचं काम बंद. मितालीला विचारलं. ती हिशेबी चेहऱ्याने घड्याळाकडे बघून म्हणाली, "संध्याकाळी अवधूतला उत्तर द्यायचंय. करा काय करायचं ते." तोवर आलेली मुलं काम नाही म्हणून खुर्च्यांवर गिरक्या घेत बसली.

तुळशीरामांनी टेस्टर काढला. हा दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा तारेच्या एका टोकाला लावायचा, दुसरा दुसऱ्या टोकाला, मग आतल्या आठ तारांचे आठ दिवे एकामागून एक लागतात. एक टोक त्यांनी स्विचकडे लावलं आणि दुसरं घेऊन शिडीवर चढून पोटमाळ्याच्या तोंडाशी बसले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग अंधार. मग आठ. पुन्हा पहिल्यापासून. सातवा लागतच नव्हता. सातवी म्हणजे पांढऱ्यावर तपकिरी पट्टा असलेली तार. तपकिरी जोडी मेली होती.

आता ती कुठे मेली हे शोधायचं. तार पोटमाळ्यावरून निघून शटरच्या गुंडाळीच्या पेटीजवळून खाली उतरत होती आणि भिंतीच्या कडेने मागे जात होती. चाळीस फूट. इतक्यात सोफ्यावरचं कुटुंब उठलं. रिया काउंटरपाशी येऊन म्हणाली, "मॅडम, तसंही काम बंद आहे. आम्ही जेवून घेऊ का आत्ताच?" मिताली बरं म्हणाली. रियाने हूक घेतला आणि खर्रर्र करत शटर अर्ध्यावर ओढलं. तुळशीरामांच्या डोक्याशेजारी पेटी थरथरली.

आणि टेस्टरवर सातवा दिवा लागला.

तुळशीराम शिडीवर तसेच थिजले. पाच, सहा, सात, आठ. पुन्हा सात. ते हलक्या आवाजात म्हणाले, जणू मोठ्याने बोललं तर पाखरू उडेल, "रिया, शटर वर कर."

"आत्ता तर खाली घेतलं काका."

"वर कर, बाळा."

खर्रर्र. सातवा गेला.

"खाली."

सातवा आला.

"वर."

गेला.

केतन धावत आला. मागचे दोघंही आले. सहा वेळा शटर वरखाली झालं, तेव्हा समोरचा चपलांचा दुकानदार बाहेर येऊन विचारायला लागला की ताई, दुकान उघडताय की मिटताय? आत मात्र सगळी टाळ्या पिटत होती. शटर पूर्ण वर गेलं की गुंडाळी जाड होऊन तारेला दाबायची, अर्धं खाली आलं की सोडायची. दर वेळी हिसका बसून दोन्ही टोकं नव्याने ओळख करून घ्यायची, आणि जसा रस्ता मिळेल तसा वेग धरायची. दुकान उघडं असलं की सर्वर हळू, दुकान मिटलं की जोरात. आणि तुळशीराम दर वेळी दुकान मिटल्यावर यायचे.

तुळशीरामांनी मात्र टॉर्च पेटीच्या मागे मारला होता. तिथे तार पाइपात असायला हवी होती. मागे भिंतीभर ती पाइपातच होती, नीट, हाताच्या अंतरावर क्लिपा मारलेली. पेटीमागच्या दोन फुटांत मात्र पाइप नव्हता. नागडी तार नुसत्या चिकटपट्टीने चिकटवलेली होती, आणि पट्टी गुंडाळायची ती तिरकी पद्धत टेलिफोनवाल्यांची होती. त्यांची स्वतःची होती.

त्यांना तो दिवस लख्ख आठवला. काम उरकत आलं होतं, पाइपाचा शेवटचा तुकडा कमी पडला होता, आणि संध्याकाळी विचुंब्यात भाच्याचा साखरपुडा होता. उद्या येऊन टाकू, असं स्वतःशी म्हणून त्यांनी पट्टी मारली होती. तो उद्या दोन वर्षं आला नव्हता, आणि तोवर शटर रोज थोडं थोडं घासत होतं.

"उंदरानं कुरतडली असेल ना काका?" केतनने खालून विचारलं. "वर उंदीर आहेत, मी बघितलेत."

हो म्हटलं असतं तर किती सोपं होतं. सगळ्यांचे चेहरे खुशीत होते. मिताली हसत होती, दोन महिन्यांनी हसत होती. उंदराची बाजू मांडायला तिथे कुणी नव्हतं. तुळशीराम सावकाश एकेक पायरी उतरले आणि हात पुसत म्हणाले,

"उंदीर नाय. मीच हाय तो. हितं पाइप घालायचा राहिला माझा. घाई होती, उद्या घालतो म्हनलं नि विसरलो. तार शटरनं घासली. चूक माझी हाय, ताई. सर्वर चांगला हाय, नवा घेऊ नका. आनि केतनची कायबी चूक नाय. तो सांगत होता ते खरं होतं."

मितालीचं हसू हळूहळू उतरलं.

"दोन महिने, काका," ती म्हणाली. तेवढंच.

"हो."

"मी याला काय काय बोलले."

"मला ठाऊक हाय. मी ऐकलं." ते केतनकडे वळले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पंचविशीच्या पोराची माफी कशी मागतो याचा त्यांना काही सराव नव्हता. "माझ्यापायी तुला ऐकून घ्यावं लागलं रे. माफ कर."

केतनला कुठे बघावं कळेना. "जाऊ दे ना काका," तो म्हणाला. "तुम्ही बोलला नसतात तर कळलं पण नसतं कुणाला."

मितालीने केतनकडे बघितलं, मग तुळशीरामांकडे. ती रागावली होती आणि तो राग तिने लपवला नाही. "नवी तार टाका. आजच. आणि या वेळी पाइपात." आत जाता जाता ती दारात थांबली. "केतन, चल जरा. चहा घेऊन येऊ बाहेर." ती दोघं अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडली. चहाला अर्धा तास लागला. काय बोलणं झालं कुणाला कळलं नाही, पण परत आल्यावर केतन शीळ घालत होता.

तुळशीरामांनी त्या दिवशी जेवणही केलं नाही. बाजारातून नवी केबल आणि जाड पाइप आणला, शटरची पेटी सोडून अगदी दुसऱ्या बाजूने, लांबच्या वाटेने तार नेली. क्लिपा इतक्या जवळ जवळ मारल्या की रियाने विचारलं, भूकंप येणार आहे का काका? चारला सगळं जोडलं. शटर वर, दिवा हिरवा. शटर खाली, हिरवा. मग चौघं एकदम कामाला बसले. आकडा बघायची कुणाला गरज पडली नाही. मुलांच्या बोटांवरूनच कळत होतं.

अवधूतला मितालीने फोन केला. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, काकांना फोन द्या. तुळशीराम बिचकत फोन कानाला लावतात तोच तो म्हणाला, "काय काका, शटरनं माझा सर्वर खाल्ला! मीपण सकाळीच बघून गेलो होतो, तारेचा दिवा मला दिसला नाही. मला असा तारेचा माणूस पाहिजे. माझी तीन-चार कामं आहेत खांदा कॉलनीत, येता का?"

दिपिकाच्या लग्नाचा व्हिडिओ पाचव्या दिवशी घरी आला. हौसाबाईंनी अंगणात पडदा लावून घेतला, आपट्याहून व्याही टेम्पो करून आले, आणि हळदीचा भाग लोकांनी तीनदा लावायला लावला. केतनने त्यात जीव ओतला होता. तुळशीरामांना वाटलं होतं, आता तो पोरगा तिथे टिकेल. पण त्याने आधीच वाशीला एका मोठ्या कंपनीत मुलाखत दिलेली होती, त्यांचं बोलावणं आलं, आणि गणपतीनंतर तो गेला. जाताना तुळशीरामांना भेटून गेला. म्हणाला, मॅडमवर राग नाही काका, तिकडे जास्त शिकायला मिळेल. खरं असेलही. तुळशीरामांना मात्र ते दोन फूट आठवत राहिले.

व्हिडिओ आला त्याच आठवड्यात त्यांनी एक वही काढली आणि आपल्या उरलेल्या सतरा गिऱ्हाइकांची नावं लिहिली. प्रत्येकापुढे डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला की इथे तार टाकली त्या दिवशी घाई होती का. बरंच आठवत होतं, काही आठवत नव्हतं. मग त्यांनी आठवणीचा नाद सोडला आणि सरळ प्रत्येकाकडे जायचं ठरवलं, तेही त्यांच्या कामाच्या वेळी. शाळेत गेले ते तास चालू असताना. तळोज्याच्या कारखान्यात गेले ते पाळी बदलताना. वकिलांना नवल वाटलं. काही तक्रार नसताना हा माणूस शिडी घेऊन का आला?

"बघून जातो," तुळशीराम सांगत.

दातांच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा खुर्चीत तोंड उघडं टाकून एक पेशंट पडलेला होता आणि डॉक्टर मशीन फिरवत होते. तुळशीरामांनी खुणेनेच परवानगी मागितली, कोपऱ्यात शिडी लावली आणि एक्स-रेच्या मशीनमागची तार बोटांनी चाचपत वर चढायला लागले. डॉक्टरांनी मशीन थांबवलं.

"काय झालं काका? आमचं तर सगळं व्यवस्थित चाललंय."

"चाललंय ना? चालू द्या," तुळशीराम वरून म्हणाले. "तुमी तुमचं काम करा डॉक्टर. मी हितं हाय हे विसरून जा."